कलेच्या इतिहासात काम आहे, पद नाही : शहाद्याहून आलेल्या प्रश्नाचे उत्तर

शहादा तालुक्यातील एका ताईंनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांनी चित्रकलेची पदवी घेतली, नंतर बडोद्याला कला-इतिहासात पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले आणि दृश्यकला विषयात नेट ही प्राध्यापकपदासाठीची पात्रता परीक्षाही त्या उत्तीर्ण झाल्या. सध्या त्या एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवतात, उन्हाळ्यात सार्वजनिक भिंती रंगवण्याची कामे ठेकेदारामार्फत घेतात आणि संधी मिळेल तेव्हा जुन्या वास्तूंच्या दस्तऐवजीकरणाच्या प्रकल्पात काही महिने काम करतात. खान्देशात राहून या क्षेत्रात स्थिर उत्पन्न मिळू शकते का, पीएच.डी.साठी पाच वर्षे द्यावीत का, आणि केलेल्या कामाचे पैसे अडकतात किंवा बुडतात त्यावर काही उपाय आहे का, हे त्यांचे तीन प्रश्न आहेत. कलाशिक्षणाची पदविका करून शाळेत लागावे असा घरच्यांचा आग्रह आहे, आणि त्याबद्दलही त्यांनी मत विचारले आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी स्पष्टपणे देतो. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत निव्वळ कला-इतिहासाच्या अभ्यासकासाठी मंजूर झालेले कायम पद माझ्या पाहण्यात नाही, आणि ते लवकरच निर्माण होईल या आशेवर तुम्ही आयुष्याचे गणित मांडू नये, असे मला वाटते. काम मात्र इतके पडून आहे की एका पिढीला पुरणार नाही. चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांच्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कोरीव नक्षी असलेली कवचे मिळाली, ती भारतातील सर्वांत जुन्या कलानिर्मितीच्या पुराव्यांत गणली जातात. साक्री तालुक्यात बळसाण्याची मंदिरे आहेत, धुळ्यात हस्तलिखितांचे मोठे संग्रह आहेत, चाळीसगावात रेल्वे स्थानकाजवळ छायाचित्रकार केकी मूस यांचे घर आणि त्यांच्या छायाचित्रांचा व कलावस्तूंचा ठेवा आहे. गावोगावच्या वाड्यांतले लाकडी कोरीवकाम, सातपुड्यातल्या भिल्ल आणि पावरा समाजांची दृश्यपरंपरा, वहीगायन या खान्देशी लोककलेच्या फडांचा इतिहास, यांपैकी कशाचीही पुरेशी नोंद झालेली नाही. हे काम होते तेव्हा ते तुकड्यातुकड्यांनी होते, कधी तीन महिन्यांचा प्रकल्प, कधी एका सत्राचे अध्यापन, कधी एखाद्या प्रदर्शनाची पुस्तिका. त्या तुकड्यापुरते पैसे मिळतात. दोन तुकड्यांच्या मधल्या काळात अभ्यासकाने कशावर जगायचे, याची जबाबदारी कोणीही घेत नाही. आपल्या क्षेत्रातील असुरक्षिततेचे मूळ मला या मधल्या काळात दिसते, आणि तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे मी त्याच अंगाने देणार आहे.

आपल्याकडे पाडव्याला किंवा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सालदार (वर्षाच्या बोलीवरचा शेतगडी) ठरतो, तेव्हा त्याच्या वर्षभराच्या पोटाची बोली आधी होते. शेतात काम असो वा नसो, पाऊस लांबो वा न लांबो, त्याचे साल चालू राहते. नेट उत्तीर्ण झालेल्या प्राध्यापकाला आज तेवढीही हमी नाही, ही गोष्ट मी कोणत्याही अतिशयोक्तीशिवाय लिहितो आहे.

हे आजच घडते आहे असे मात्र समजू नका. अजिंठा खान्देशच्या वेशीवर आहे, आणि तिथल्या चित्रांच्या अभ्यासाचा इतिहास हा तात्पुरत्या हातांनी केलेल्या कामाचाच इतिहास आहे. रॉबर्ट गिल या लष्करी अधिकाऱ्याने १८४४ नंतर अनेक वर्षे तिथे राहून चित्रांच्या प्रतिकृती केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या, आणि १८७९ साली मरण पावलेल्या गिल यांची कबर आजही भुसावळला आहे. पुढे जॉन ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टच्या विद्यार्थ्यांना घेऊन तेच काम पुन्हा केले, आणि त्यांतल्याही अनेक प्रतिकृती १८८५ च्या आगीत लंडनलाच नष्ट झाल्या. अजिंठ्याच्या चित्रांवरील ग्रंथावर नाव ग्रिफिथ्स यांचे राहिले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे एखादे नाव सोडले, तर लेण्यांच्या अंधारात उभे राहून रंग जुळवणाऱ्या त्या विद्यार्थ्यांची नावे तज्ज्ञांच्या तळटीपांपलीकडे गेलेली नाहीत. १९०९ नंतर इंग्रज चित्रकार लेडी हेरिंगहॅम यांच्यासोबत जे तरुण चित्रकार प्रतिकृतींसाठी अजिंठ्याला आले, त्यांत नंदलाल बोस होते. तेच नंदलाल बोस डिसेंबर १९३६ मध्ये गांधीजींच्या बोलावण्यावरून फैजपूरच्या काँग्रेस अधिवेशनासाठी आले, आणि वास्तुरचनाकार म्हात्रे यांच्याबरोबर त्यांनी बांबूसारख्या स्थानिक साहित्यातून तिथली सगळी मांडणी उभी केली. ग्रामीण भागातले ते पहिले काँग्रेस अधिवेशन होते, आणि आधुनिक भारतीय कलेच्या इतिहासातही फैजपूरला त्यामुळे स्थान आहे. पण यावल-रावेर भागातल्या ज्या कारागिरांनी तो बांबू फोडला, विणला आणि बांधला, त्यांची नावे आपण शिकवत असलेल्या इतिहासात येत नाहीत. ज्यांचे काम हंगामी असते त्यांची नावेही हंगामापुरतीच टिकतात. म्हणून अहवालात, पुस्तिकेत, भिंतीच्या कोपऱ्यात आपले नाव लिहून घेणे याला मी मानाचा प्रश्न मानत नाही, तो पुढच्या कामाच्या पुराव्याचा प्रश्न आहे.

आता तुमच्या अध्यापनाबद्दल. नेमणुकीचा आदेश समोर ठेवून एकदा ओळीने वाचा. त्यात तासाचा दर असतो, सत्राची तारीख असते, आणि कायम नेमणुकीचा कोणताही हक्क सांगता येणार नाही असे एक वाक्य जवळजवळ ठरलेले असते. जे लिहिलेले नसते ते अधिक महत्त्वाचे आहे. प्रश्नपत्रिका काढणे, अंतर्गत गुण भरणे, प्रवेशाच्या दिवसांत टेबलावर बसणे, नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयाच्या मूल्यांकनाच्या, फायली तयार करणे, विद्यार्थ्यांना अजिंठ्याच्या सहलीला नेणे, ही सगळी कामे विभागात तासिकेवरच्या माणसाकडे येतात आणि बिलात त्यांना रकाना नसतो. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१९ साली अतिथी अध्यापकासाठी प्रति व्याख्यान १,५०० रुपये आणि महिन्याला कमाल ५०,००० रुपये असा दर सुचवला, आणि त्यासाठी पात्रता मात्र नियमित सहायक प्राध्यापकाइतकीच ठेवली. राज्यात प्रत्यक्ष मिळणारा दर त्याहून खाली राहिला आहे, आणि तोही दरमहा हातात येतो असे नाही; बिले साचतात आणि अनुदान आले की एकदम निघतात. उन्हाळ्याची सुट्टी बिनपगारी असते, नवीन सत्राचे आदेश निघायला श्रावण उजाडतो, त्यामुळे आखाजीपासून पोळ्यापर्यंत घरात या नोकरीचा एक रुपयाही येत नाही.

या व्यवस्थेत राहायचेच असेल तर तीन कागद दर सत्राला न चुकता मिळवा. पहिला, तुमच्या नेमणुकीला विद्यापीठाची मान्यता मिळाल्याचे पत्र, कारण पुढे कायम पदाच्या मुलाखतीत अनुभव मोजताना मान्यता नसलेले सत्र बाजूला काढले जाते आणि मग कितीही वर्षे शिकवले असले तरी उपयोग होत नाही. दुसरा, प्राचार्यांच्या सहीचा अनुभवाचा दाखला, तोही सत्र संपतानाच, कारण माणसे बदलतात आणि जुन्या नोंदी सापडत नाहीत. तिसरा, प्रत्यक्ष घेतलेल्या तासांची तुमची स्वतःची नोंद, जिच्यावर विभागप्रमुखांची महिन्याच्या महिन्याला सही असेल. बिलातले तास कमी झाले तर या वहीशिवाय दुसरा आधार नसतो.

तुम्ही विचारलेले नाही, पण विवाहित किंवा विवाहाच्या उंबरठ्यावर असलेल्या अनेक तरुणींना ठाऊक नसते म्हणून इथेच लिहितो. मातृत्व लाभाचा कायदा १९६१ चा होता आणि २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली; नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे आणि ही रजा तीत कायम आहे. रोजंदारीवरील महिलांनाही हा लाभ मिळाला पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली महापालिकेच्या मस्टर रोलवरील (हजेरीपटावरील) महिला कामगारांच्या प्रकरणात २००० साली म्हटले, आणि कंत्राटाची मुदत मध्येच संपली तरी लाभ थांबत नाही, असेही २०२३ च्या निकालात स्पष्ट केले. तासिकेवरच्या बाईंनी रजा मागितली की पुढच्या सत्राला बोलावले जाणार नाही, ही भीती खरी आहे आणि मी ती अनेकींच्या बोलण्यात ऐकली आहे. तरीही अर्ज लेखी द्यावा, त्याची पोच घ्यावी, आणि अर्जात या दोन निकालांचा उल्लेख करावा.

दस्तऐवजीकरणाच्या कामाविषयी मला थोडे विस्ताराने लिहायचे आहे, कारण तिथे नुकसान केवळ अभ्यासकाचे होत नाही. तापीकाठच्या एका गावातील वाड्याची नोंद आम्ही करत होतो. माजघराच्या भिंतीवर चुन्याच्या गिलाव्यावर दशावताराची चित्रे होती, चुलीच्या धुराने वरची अर्धी रांग काळवंडली होती, आणि मत्स्य-कूर्मांच्या खालच्या पट्टीत एका चित्रकाराने बैलगाडी, रेल्वेचे इंजिन आणि टोपीवाला शिपाई असे आपल्या काळातले जग रंगवून ठेवले होते. इंजिनाच्या चित्रामुळे काळ ठरवण्याची एक दिशा मिळत होती, कारण या भागात रेल्वे आली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, आणि त्याआधी इथल्या चित्रकाराने इंजिन पाहिलेले असणे अवघड होते. आमच्या गटातील एक तरुणी भिंतीचा प्रत्येक हात मोजून आलेखाच्या कागदावर उतरवत होती, गिलाव्याला कुठे पोकळी आली आहे ते बोटाने हलके ठोकून ऐकत होती आणि पेन्सिलीने स्वतःच्या खुणांनी लिहून ठेवत होती. प्रकल्पाचा निधी आर्थिक वर्षाला बांधलेला होता. ३१ मार्चला तो संपला, पुढचा टप्पा मंजूर होईल असे सांगितले गेले आणि झाला नाही. त्या तरुणीला घर चालवायचे होते. ती सुरतेला साड्यांच्या डिझाइनच्या कामाला गेली, जशी खान्देशातील चित्रकलेची कितीतरी मुले जातात, आणि तिथे तिला दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला पगार मिळू लागला. तिचे कागद राहिले, पण त्यांवरच्या खुणा वाचणारे कोणी राहिले नाही. दरम्यान वाड्याच्या वाटण्या झाल्या, चौकटी आणि खांब विकले गेले आणि माजघर पाडले गेले. छायाचित्रे आहेत, परंतु मापांशी आणि गिलाव्याच्या नोंदींशी त्यांची सांगड घालता येत नाही, आणि त्या चित्रकाराच्या घराण्याबद्दल ज्या आजोबांशी बोलायचे होते ते बोलणे पुढच्या टप्प्यासाठी ठेवलेले होते.

अशा प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात कॅमेरा, प्रवास, छपाई, उद्घाटन यांसाठी रकाने असतात. गोळा केलेले नीट लिहून काढण्यासाठी आणि दुसऱ्याच्या हाती सोपवण्यासाठी लागणाऱ्या महिन्यांच्या वेतनाचा रकाना मात्र बहुधा नसतो. माझा आग्रह असा आहे की यापुढे कोणत्याही प्रकल्पात तुम्ही शिरताना हा रकाना मागावा: क्षेत्रकाम जितके महिने असेल त्याच्या किमान निम्मे महिने लेखनासाठी, त्याच वेतनावर. तो मिळत नसेल तर क्षेत्रकामाचे दिवस कमी करावेत आणि लहान वास्तू पूर्ण करावी. अर्धी मोजलेली मोठी हवेली कोणाच्याही उपयोगाची नसते. मूळ नोंदींची एक प्रत प्रकल्प संपण्यापूर्वीच एखाद्या कायम संस्थेकडे जमा व्हावी आणि त्या जमा पावतीवर काम करणाऱ्या प्रत्येकाचे नाव असावे, हेही करारात लिहून घ्या. नोंदी आपल्याच हार्डडिस्कवर ठेवल्या की त्यांच्या जोरावर पुढचे काम मिळेल, असे काही तरुण मानतात. तसे होत नाही, डिस्क बंद पडते आणि काम अभ्यासक व संस्था या दोघांच्याही हातून जाते.

देशपातळीवरही चित्र याच प्रकारचे आहे. संसदीय समितीच्या २०२२ च्या अहवालात नोंदवल्याप्रमाणे तेव्हा केंद्राच्या संरक्षणाखाली ३,६९३ स्मारके होती, आणि त्यांपैकी केवळ २४८ ठिकाणी सुरक्षा कर्मचारी नेमता आले होते. सुमारे ७,००० जणांची गरज असताना २,५७८ जणच पुरवता आले, आणि कारण निधीची टंचाई हेच देण्यात आले. जिथे राखणदाराला पगार नाही तिथे अभ्यासकाचा पगार यादीत फार खाली जातो.

पीएच.डी.बद्दल माझे मत थोडक्यात सांगता येईल. नेटमधील वरच्या गुणांवर मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) हाती असेल तर जरूर करा. २०२३ पासून ती पहिली दोन वर्षे दरमहा ३७,००० आणि त्यानंतर ४२,००० रुपये आहे, आणि आपल्या क्षेत्रात इतक्या सलग काळासाठी मिळणारे तेवढे पैसे दुसरीकडे क्वचितच मिळतात. नेट उत्तीर्ण आहात पण अधिछात्रवृत्ती मिळालेली नाही, असे तुमच्या पत्रावरून दिसते. तर ती मिळवण्यासाठी आणखी दोन प्रयत्न करा आणि त्यानंतर निर्णय घ्या. केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची कनिष्ठ फेलोशिप दोन वर्षांसाठी दरमहा १०,००० रुपयांची आहे, तिच्यावर घर चालत नाही, मात्र क्षेत्रकामाचा खर्च निघतो. पैशांच्या आधाराशिवाय, केवळ नोकरी मिळेल म्हणून पीएच.डी.ला बसू नका. विषय मात्र खान्देशातलाच घ्या. नंदुरबारहून सुरतमार्गे बडोद्याला जाणे-येणे जमण्यासारखे आहे, मार्गदर्शक तिकडचे चालतील, आणि इथे राहणाऱ्या माणसाला पावसाळ्यात, होळीत, कानबाईच्या उत्सवाच्या दिवसांत जे पाहायला मिळते ते बाहेरच्या अभ्यासकाला मिळत नाही.

भिंती रंगवण्याच्या कामाकडे येतो. हे काम चौरस फुटावर ठरते आणि तिथेच पहिली चूक होते, कारण चौरस फुटात फक्त रंगवणे मोजले जाते. समजा ४०० चौरस फुटांची भिंत आहे आणि दोघांनी ती आठ दिवसांत होईल असा तुमचा अंदाज आहे. भिंत पाहायला जाणे, रेखाटन करणे, ते मंजूर होईपर्यंत दोनदा बदलणे, जुना पोपडा घासणे, प्रायमर वाळण्याची वाट पाहणे, परांची बांधणाऱ्याची वाट पाहणे, आणि शेवटी बिलासाठी चकरा मारणे हे धरले की तेच काम पंधरा-सोळा दिवसांवर जाते. दर ठरवताना या सगळ्या दिवसांची मजुरी, रंगाचा खर्च आणि पुढचे काम मिळेपर्यंतच्या रिकाम्या दिवसांचा काही भाग एकत्र करून त्याला चौरस फुटांनी भागा. येणारा आकडा बाजारभावापेक्षा जास्त असेल, ठेकेदार दुसऱ्याला काम देतो म्हणेल, आणि काही कामे जातीलही. तरीही हा हिशोब मांडल्याशिवाय बोलणीला बसू नका, कारण आपण किती खाली उतरतो आहोत हे निदान आपल्याला माहीत असले पाहिजे.

पैसे अडकण्यावर कायद्यात एक चांगली सोय आहे आणि चित्रकार तिचा वापर फार कमी करतात. उद्यम नोंदणी विनामूल्य होते. सेवा देणारा सूक्ष्म उद्योग म्हणून ती काम घेण्यापूर्वी केलेली असेल, तर २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार काम स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. मुदतीचा लेखी करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागते, आणि तक्रारीसाठी स्वतंत्र परिषद आहे. यासाठी कार्यादेश लेखी हवा. ठेकेदार कागद देत नसेल तर त्याच्याशी ठरलेले सगळे, म्हणजे भिंतीचे माप, दर, आगाऊ रक्कम, रंग कोणाचा आणि बिल कधी, हे व्हॉट्सअॅपवर स्वतः लिहून पाठवा आणि त्याचे होकारार्थी उत्तर जपून ठेवा. रंग आणि परांचीची रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय ब्रश उचलू नका.

कॉपीराइटचा मुद्दाही याच कागदात येतो. १९५७ च्या कायद्याच्या १७ व्या कलमानुसार कोणी पैसे देऊन चित्र करवून घेतले आणि वेगळा करार केलेला नसला, तर त्या चित्राच्या कॉपीराइटचा पहिला मालक काम करवून घेणारा ठरतो. म्हणून तुमच्या सातपुड्याच्या भित्तिचित्राचा फोटो उद्या दिनदर्शिकेवर छापला गेला तर तुमच्या हाती फारसे काही राहत नाही, आणि ते राहावे असे वाटत असेल तर कार्यादेशातच एक ओळ घालावी लागते. ५७ वे कलम मात्र चित्रकाराजवळच राहते: कॉपीराइट दुसऱ्याचा असला तरी कृती आपली आहे हे सांगण्याचा आणि तिची मोडतोड होऊन प्रतिष्ठेला धक्का लागला तर दाद मागण्याचा हक्क विकला जात नाही. दिल्लीच्या विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प १९७९ साली काढून गोदामात टाकले गेले म्हणून शिल्पकार अमरनाथ सेहगल यांनी केंद्र सरकारविरुद्ध दावा लावला, आणि २००५ साली दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना पाच लाख रुपये भरपाई आणि शिल्पाचे उरलेले अवशेष परत देण्याचा आदेश दिला. निकालाला किती काळ लागला हे या तारखांवरून दिसतेच, पण हक्क मान्य झाला ही गोष्ट लहान नाही.

या सगळ्यावर तुम्हाला एक उत्तर नेहमी ऐकवले जाईल, आणि धुळ्यात तर ते हमखास ऐकवले जाईल, की इतिहासाचार्य राजवाड्यांनी कधी पगार मोजला होता का. वि. का. राजवाडे यांच्याबद्दल माझ्या मनात अपार आदर आहे. विनाआधार हिंडून, दप्तरे तपासून त्यांनी मराठ्यांच्या इतिहासाची साधने छापली, आणि ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच त्यांचे निधन झाले. पण त्यांच्यामागे धुळेकरांनी काय केले तेही पाहावे. त्यांनी राजवाडे संशोधन मंडळ उभे केले, कागदांना इमारत दिली, नियतकालिक चालवले, म्हणजे एका माणसाच्या त्यागावर पुढचे संशोधन चालणार नाही, त्याला संस्था लागते, हे त्या पिढीने ओळखले होते. तरुण अभ्यासकांकडून फुकट काम करून घेताना राजवाड्यांचे नाव वापरणे मला त्यांच्या स्मृतीचा अवमान वाटतो. ज्याच्या घरी केळीची बाग किंवा सोन्याची पेढी आहे त्याला असा त्याग परवडेल. मग कलेचा इतिहास तेवढेच लोक लिहितील आणि त्यांना दिसेल तेवढाच लिहिला जाईल. पावरा मुलीने होळीच्या दागिन्यांचा इतिहास लिहावा असे आपल्याला खरोखर वाटत असेल, तर तिच्या दोन वर्षांच्या पोटाची तजवीज आधी करावी लागेल.

राम सुतार यांचे उदाहरणही असेच अर्धवट सांगितले जाते. धुळ्याजवळच्या गोंदूर गावात १९२५ साली जन्मलेले सुतार नोकरी सोडून स्वतंत्र शिल्पकार झाले, एवढे मुलांना माहीत असते. त्याआधी जे. जे.मधून शिकून त्यांनी पुरातत्त्व खात्यात अजिंठा-वेरूळच्या मूर्तींच्या डागडुजीचे काम केले आणि नंतर दिल्लीत केंद्र सरकारची नोकरी केली, हे सहसा सांगितले जात नाही. उमेदवारीची ती वर्षे पगारी होती. आज तेच काम बाह्य संस्थेमार्फत काही महिन्यांच्या कंत्राटावर दिले जाते, आणि मग आपण विचारतो की नवे सुतार का घडत नाहीत.

लोककलावंतांचा प्रश्न याहून कठीण आहे, पण तुमच्या कामाशी तो एका ठिकाणी जोडलेला आहे. वहीगायन किंवा खान्देशी तमाशा करणाऱ्यांना लग्नसराई आणि यात्रा सोडल्या तर कमाई नाही. राज्याच्या ज्येष्ठ साहित्यिक व कलावंत मानधन योजनेत २०२४ पासून सरसकट दरमहा ५,००० रुपये मिळतात. त्यासाठी सर्वसाधारणपणे ५० वर्षांवरील वय, कलेतील १५ वर्षांची कामगिरी आणि ६०,००० रुपयांच्या आतील वार्षिक उत्पन्न लागते. कामगिरीचा पुरावा म्हणून जी कात्रणे, छायाचित्रे आणि प्रमाणपत्रे मागितली जातात, ती आयुष्यभर गावच्या पारावर गायलेल्या माणसाकडे नसतात. तुमच्याकडे त्यांच्या कार्यक्रमाचे तारखेसह चित्रीकरण असेल तर त्याची प्रत त्यांना द्या, आणि तुमच्या प्रकल्पात त्यांच्या वेळेसाठी मानधनाची रक्कम ठेवा. संशोधकाला भत्ता आणि गाणाऱ्याला चहा, ही पद्धत आपण तरी चालू ठेवू नये.

राहिला घरच्यांचा आग्रह. कलाशिक्षणाची पदविका वाईट नाही, पण शाळेतले पदही आता पूर्वीसारखे राहिलेले नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीच्या वर्गांत १०० हून अधिक विद्यार्थी असलेल्या शाळेसाठी कला, क्रीडा आणि कार्यशिक्षणाचे शिक्षक अंशकालीन म्हणूनच नमूद केले आहेत, त्यामुळे महाविद्यालयातली तासिका सोडून तुम्ही शाळेतल्या तासिकेवर जाल, अशीच शक्यता जास्त आहे. दोन वर्षे आणि शुल्क त्यासाठी घालावे असे मला वाटत नाही. त्याऐवजी तुमच्या हातात असलेल्या शिक्षणावर एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या शासकीय चित्रकला ग्रेड परीक्षांचे वर्ग शहाद्यात किंवा नंदुरबारला सुरू करा. इंटरमिजिएटच्या श्रेणीनुसार दहावीला ७, ५ किंवा ३ वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालक या वर्गाचे शुल्क देतात, आणि मुख्य म्हणजे त्याची तयारी शाळा उघडल्यापासून परीक्षेपर्यंत, म्हणजे जून ते सप्टेंबर अशी चालते. महाविद्यालयाचा पैसा बंद असतो तेच हे महिने आहेत. स्थिरवस्तू, स्मरणचित्र आणि संकल्पचित्र तुम्ही शिकवालच. आठवड्यातून एक तास मुलांना बळसाण्याची आणि अजिंठ्याची चित्रे दाखवा, आणि शुल्क महिन्याच्या सुरुवातीला घ्या.